पन्नास मीटरचा अनुशेष

मे महिना, दुपारचे अडीच, परभणी. एवढं सांगितलं की उन्हाचं वेगळं वर्णन करायची गरज नसते. कूलरमधलं पाणी कधीच संपलंय, तो आता नुसता गरम हवा फेकायलाय, पण उठून बादली ओतायला घरातलं एकही माणूस तयार नाही. आणि मी, वय वर्षे ४४, शाळेवर गणिताचा मास्तर, टीव्हीसमोर चटईवर मांडी घालून बसलोय आणि एका स्प्रिंगखाली चेंगरून मेलोय. आज नवव्यांदा.

"पप्पा, परत मेलात." लेकरानं मोबाईलमधून मान पण वर काढली नाही. त्याला आवाजावरूनच कळतं आता.

"मेलात तर उठा मग अहो, दोन बादल्या टाका कूलरमधी!" हे आतून.

सध्या आमच्या घरात माझ्या मरणाचा भाव दोन बादल्या आहे.

गेमचं नाव डाँकी काँग. एक मोठं माकड एका बाईला पळवून लोखंडी बिल्डिंगवर चढून बसतं आणि वरून ड्रम सोडतं, खालून एक बुटका मिशीवाला माणूस ड्रमवरून उड्या मारत, शिड्या चढत तिच्यापर्यंत पोचायला बघतो. झालं, एवढाच गेम. जपानच्या निन्टेंडो कंपनीनं हा १९८१ साली काढला म्हणजे गेम आणि मी एकाच सालचे, फरक एवढाच की त्याला अजून चष्मा लागला नाही आणि त्याचे गुडघे शाबूत आहेत. माझ्या गुडघ्याचं पुढं येतंय.

त्याच्या जन्माची कहाणी मला लई आवडते कारण ती अगदी आपल्या घरातली वाटते. निन्टेंडोनं त्याच्या आधी रडारस्कोप नावाचा एक गेम काढला होता, अमेरिकेतल्या त्यांच्या माणसांनी मोठ्या हौसेनं ३००० मशिनी मागवल्या आणि त्यातल्या २००० च्या आसपास गोदामात तशाच पडून राहिल्या. आता एवढा माल करायचा काय? तर शिगेरू मियामोतो नावाच्या एका तरुण पोराला सांगितलं, ह्याच मशिनीत बसंल असं काहीतरी नवीन काढ बाबा. पोरगं मुळात चित्र काढणारं, प्रोग्रामिंगवालं नव्हंच. त्यानं हा गेम काढला, जुन्या मशिनींच्या पोटात नवीन बोर्ड बसवले, वरची चित्रं बदलली आणि सगळा माल खपला, वर अजून हजारोंनी मशिनी बनवाव्या लागल्या. रात्रीच्या उरलेल्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा करतात ना, त्यातला प्रकार. आणि खरं सांगा, ताज्या पोळीपेक्षा कुस्कराच दोन घास जास्त जातो का नाही?

त्या मिशीवाल्या माणसाला तेव्हा नावच नव्हतं, जंपमॅन म्हणायचे, म्हणजे उड्या मारणारा. पुढं अमेरिकेतल्या गोदामाच्या मालकाच्या नावावरून त्याचं मारिओ झालं म्हणतात. (आमच्या घरमालकाच्या नावावरून गेममधल्या माणसाचं नाव ठेवलं असतं तर तो बाईला सोडवायच्या आधी डिपॉझिट मागत बसला असता.) त्याला मिशी का, तर एवढ्याशा ठिपक्यांत तोंड दाखवता येईना. टोपी का, तर केस काढायला अवघड. मला हे समजलं तेव्हा फार बरं वाटलं. मी पण साधारण ह्याच कारणांनी मिशी ठेवतो आणि टोपी घालतो.

डाँकी म्हणजे गाढव, पण अख्ख्या गेममध्ये गाढव कुठंच नाही. मियामोतोला म्हणे हट्टी आणि मठ्ठ माकड असं काहीतरी म्हणायचं होतं, त्याला वाटलं डाँकी लावलं की इंग्रजीत तसा अर्थ होईल. आमच्या सहावी ब मधल्या निम्म्या पोरांचं इंग्रजी असंच आहे, पण त्यांच्या चुकीवर कुणी कंपनी चालवत नाही.

माझी आणि ह्या माकडाची ओळख १९९३ सालची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पत्र्याचं दुकान होतं, आत दोन टीव्ही, दोन चायनाची मशिनी, चार रिमोट ज्यातल्या एकाचं उडीचं बटण सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून बसवलेलं. अर्ध्या तासाला २ रुपये. गल्ल्यावर एक मामू बसायचे, त्यांच्यासमोर एक अलार्मचं घड्याळ आणि एक वही, वहीत प्रत्येक पोराची उधारी. कॅसेट पिवळी, तिच्यावर लिहिलेलं '९९९९ इन १', आत मोजून वीस-बावीस गेम, तेच तेच नावं बदलून परत परत. गणिताची गोडी मला तिथंच लागली, कारण ९९९९ मधले खरे किती हे मी एका दिवाळीच्या सुट्टीत मोजून काढलं होतं आणि मामूंना जाऊन सांगितलं होतं. मामू म्हणले, "तेरे को खेलने का है के ऑडिट करने का है?"

बाकीची पोरं बंदुकीच्या गेमवर तुटून पडायची, मी मात्र "मामू, माकड लावा." त्यात तीन मजले होते. पहिल्यात ड्रम, दुसऱ्यात लिफ्टी आणि स्प्रिंगा, तिसऱ्यात आठ रिव्हेट काढायचे की माकड डोक्यावर आपटतं. मग परत पहिल्यापासून. तिसऱ्या मजल्यावर सातवा रिव्हेट काढला की हमखास लाईट जायची. ही तक्रार नाही, हा अनुभव आहे, मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या कुठल्याही माणसाला विचारा. लाईट गेली की मामू अलार्म थांबवायचे नाहीत. "लाइट मैं लेके गया क्या?" ह्या प्रश्नाला आमच्यापैकी एकाकडंही उत्तर नव्हतं.

त्या काळात आम्हाला त्या बिल्डिंगचं सगळ्यात जास्त नवल वाटायचं. सगळे मजले तिरपे. एक इकडं उतरता, दुसरा तिकडं उतरता. शिड्या बघाव्यात तर निम्म्या मधूनच तुटलेल्या. आठ रिव्हेट काढले की अख्खा ढाचा खाली. आमच्या मनात ह्याबद्दल जराही शंका नव्हती की हे ठेकेदाराचं काम आहे, लोखंड खाल्लेलं आहे, आणि माकड बहुतेक बिल थकलेला माणूस आहे. आमच्याकडं कोणतंही बांधकाम तिरपं दिसलं की कारण शोधत बसायची पद्धत नाही, कारण आधीच ठरलेलं असतं.

तर अशा सुखी काळात उन्हाळ्यात मुंबईहून माझा मावसभाऊ आला. दुकानात माझ्या शेजारी बसला, तीन मजले बघितले आणि म्हणला, "एवढंच? आमच्या मुंबईत चार आहेत. मध्ये एक फॅक्टरी आहे, पट्टे फिरतात, ५० मीटरची." सगळं दुकान हसलं. मामूसुद्धा हसले. मुंबईची पोरं आमच्याकडं येऊन काहीही फेकायची, आमच्याकडं समुद्र आहे, आमच्याकडं लाईट जात नाही, आमच्याकडं चार मजले आहेत. आम्ही त्याला म्हणलं, "जगात जर्मनी अन् भारतात परभणी, तुमचं काय सांगतो!" तो गप बसला. पण मला आठवतं, ड्रमनंतर एकदम लिफ्टी येतात, मधलं काहीतरी राहिलंय अशी शंका तेव्हा मला आलेली होती. हिशेबाला पक्कं पोरगं होतो ना मी. मधला मजला गेला कुठं? मी कुणाला विचारलं नाही. आपल्या भागात मधलं काही गायब असलं तर विचारायचं नसतं.

आणि आता बत्तीस वर्षांनी मला समजलं की मावसभाऊ खरं बोलत होता.

झालं असं, भाचा पुण्याला आयटीत आहे, त्यानं नवीन मशीन घेतलं म्हणून जुनं स्विच आमच्याकडं आणून टाकलं. स्विच म्हणजे लाईटचं बटण नव्हे, निन्टेंडोचंच मशीन आहे, हे मला घरात तीन वेळा समजावून सांगावं लागलं. त्यात डाँकी काँगचा असली गेम मिळतो, म्हणजे दुकानात नाणं टाकून खेळायच्या मशिनीतला जसाच्या तसा. तो लावला तर सुरुवातीलाच माकड बाईला काखेत घेऊन शिड्या चढताना दिसलं. वर गेलं आणि उड्या मारायला लागलं, धप धप धप, आणि त्याच्या प्रत्येक उडीला सरळ मजले वाकून तिरपे व्हायला लागले.

मी रिमोट खाली ठेवला. म्हणजे ठेकेदाराचा काही दोष नव्हता! बिल्डिंग सरळ होती! माकडानं वाकवली! घरच्या मशिनीसाठी १९८३ साली हा गेम जेव्हा छोट्या कॅसेटमध्ये कोंबला तेव्हा जागा पुरेना, म्हणून हा सुरुवातीचा भाग कापला आणि त्याच्यासोबत ५० मीटरचा अख्खा मजला पण कापला. आमच्या मामूंच्या पिवळ्या कॅसेटमध्ये तोच कापलेला माल आला होता. मी बायकोला बोलावून सांगितलं की बघ, आयुष्यभर आपण एका ठेकेदाराला उगाच शिव्या दिल्या. ती म्हणली, "दुसऱ्या कुठल्या तरी कामाच्या त्याला लागू झाल्या असतील."

पण माझ्या डोक्यात तो ५० मीटरचा मजलाच बसला. विकासाचा अनुशेष, सिंचनाचा अनुशेष, रस्त्याचा अनुशेष, हे सगळं लहानपणापासून पेपरात वाचत आलो, ते अंगवळणी पडलंय. पण माकडाच्या गेममध्ये पण मजला कमी? तेही जपानहून? आता हा अनुशेष मी स्वतःच्या हातानं भरून काढणार, असं ठरवलं आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली.

अडचण अशी की अमेरिकेला जो गेम गेला त्यात मजल्यांचा क्रम वेगळा. पहिल्या फेरीत २५ आणि १०० मीटर (मजले उंचीवरून ओळखतात). दुसऱ्या फेरीत २५, ७५, १००. ५० मीटरची फॅक्टरी येते तिसऱ्या फेरीत. म्हणजे दुसऱ्या फेरीतल्या ७५ मीटरच्या स्प्रिंगा पार केल्याशिवाय माझा मजला मला दिसणार नाही. आणि त्या स्प्रिंगांखाली मी सुट्टीचे वीस दिवस मरतोय.

"युट्यूबवर बघा ना पप्पा, दोन मिनिटात दिसंल."

त्याला कसं सांगणार.

आता ह्या गेमचे दोष सांगतो. मनापासून सांगतो, कारण ज्याच्यावर जीव असतो त्याचेच दोष माणसाला तोंडपाठ असतात. पहिला म्हणजे उडी. एकदा बटण दाबलं की संपलं. हवेत वळता येत नाही, थांबता येत नाही, लांबवता येत नाही, चुकून मारली असली तरी ती पूर्ण करावीच लागते, एस्टीत चढल्यावर चुकीची गाडी आहे हे कळतं पण कंडक्टरनं बेल मारलेली असते तसं. आजकालच्या गेममध्ये माणसं हवेत दोनदा उड्या मारतात, भिंतीला चिकटतात, परत येतात. आमचा जंपमॅन उडाला तो उडाला.

दुसरं म्हणजे पडणं. हा गडी स्वतःच्या उंचीपेक्षा जरा जास्त उंचीवरून पडला की मरतो. अहो लिफ्टवरून उतरताना जरा चुकलं तरी मरतो! उंच बिल्डिंगवर बाई सोडवायला निघालेला माणूस, आणि दोन हात खाली पडला की खलास. आमच्याकडची पोरं उन्हाळ्यात चिंचेवरून पडून, धूळ झटकून, परत चिंचेवर चढायची.

शिडीचं पण तसंच. एक ठिपका इकडं, एक ठिपका तिकडं झालं की तो शिडी चढतच नाही, तिच्यासमोर उभा राहून नुसता इकडं तिकडं बघतो, आणि मागून ड्रम यायलेला असतो. ड्रम पण सरळ वाटेनं येईल ह्याचा भरवसा नाही, मनात आलं तर मधूनच शिडीवरून खाली उतरतो, नेमका आपण चढत असतो त्याच शिडीवर. ह्याला काही नियम असेल म्हणून मी वहीत वीस मिनिटं खुणा केल्या, मग सोडून दिलं, वही शाळेची होती.

पण सगळ्यात मोठा अन्याय म्हणजे हातोडा. मध्येच एक हातोडा लटकलेला असतो, उडी मारून तो घेतला की गाणं सुरू होतं, अंगात वारं शिरतं, समोर येईल तो ड्रम फुटतो, ३०० पॉइंट, ३०० पॉइंट, वाटतं आता आपल्याला कोण अडवणार. आणि लक्षात येतं की हातोडा हातात असला की शिडी चढता येत नाही. उडी पण मारता येत नाही. म्हणजे सगळी ताकद तुमच्याकडं आहे फक्त वर जाता येत नाही, आणि हातोडा खाली पण ठेवता येत नाही, तो त्याच्या वेळेनं संपतो, बहुतेक वेळा ड्रम नाकासमोर आलेला असतानाच. एक वर्ष मला शाळेवर प्रभारी मुख्याध्यापक केलं होतं. तेव्हा मी अगदी ह्याच स्थितीत होतो.

एवढं सगळं करून, मरून, घामाघूम होऊन वर बाईजवळ पोचलं की दोघांच्या मध्ये एक बदाम येतो. आणि लगेच माकड तिला उचलून पुढच्या मजल्यावर घेऊन जातं, बदाम फुटतो. ज्यानं कुठल्याही कचेरीत फायलीचा पाठपुरावा केलाय त्याला हे नवीन नाही. आपण टेबलापर्यंत पोचलो की फाईल वरच्या मजल्यावर गेलेली असते.

आमच्या हिनं एकदा भाजी निवडत निवडत पाच मिनिटं हे सगळं बघितलं आणि एकच विचारलं, "ती बाई खाली का उतरत नाही? जिना तर तिच्या पायाजवळच हाये."

चव्वेचाळीस वर्षं झाली ह्या गेमला. मी परत नीट बघितलं. खरंच आहे, शिडी तिच्या फळीलाच लावलेली आहे. माकड बाजूला ड्रम फेकण्यात गुंग आहे. बाई तिथंच उभी राहून हात हलवत 'हेल्प' म्हणते. ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही, मी फक्त म्हणलं की तेव्हाचे गेम तसेच होते. ती म्हणली, "तेव्हाच्या बाया तशा नव्हत्या. माझी आई ड्रम अडवून त्याच्यात पाणी भरून घेतली असती."

आणि ह्या गेमला शेवट नाही. म्हणजे लग्न होत नाही, माकड सुधरत नाही, परत परत तेच, जरा जास्त वेगानं. मूळ मशिनीत सेव्ह करायची सोय नव्हती हे ऐकून तर लेकराला माझी कीवच आली. शेवट असा नाहीच, पण एक जागा आहे जिथं गेम स्वतःच मरतो, आणि ती गणिताच्या मास्तरानं सांगायची गोष्ट आहे म्हणून थांबतो जरा. प्रत्येक फेरीत तुम्हाला वेळ मिळतो, तो काढायची पद्धत सोपी आहे, फेरीचा आकडा गुणिले १०, अधिक ४०. पहिल्या फेरीला ५०, म्हणजे ५००० चा बोनस उलटा मोजत येतो, चौथ्याला ८००० आणि मग ८००० वरच थांबतो. आता २२ वी फेरी घ्या, २२० अधिक ४०, झाले २६०. पण त्या मशिनीच्या एका खणात २५५ च्या वर आकडा मावतच नाही. जुन्या लाईटच्या मीटरचे सगळे ९ झाले की परत सगळी शून्यं यायची ना, तसं २५६ ला तो शून्यावर येतो आणि २६० चे उरतात ४. झाला ४०० चा बोनस. ज्या माणसाला ८००० पुरत नव्हते त्याला ४०० दिले. काही सेकंदांत जंपमॅन उभ्या जागी मरतो, ना ड्रम लागला ना आग, नुसता हिशेब चुकला म्हणून. अमेरिकेत दहा लाखांच्या वर पॉइंट काढलेली माणसं आहेत, ती सगळी ह्याच जागी येऊन मरतात. कितीही मोठा खेळाडू असू द्या, हातच्याची चूक कुणाला सोडत नाही, हे मी सहावी ब ला ह्या जूनमध्ये सांगणार आहे.

आता ७५ मीटर. डावीकडच्या लिफ्टी वर जातात, उजवीकडच्या खाली येतात, मध्ये आगीचे दोन गोळे फिरतात, ते सगळं मला जमतं. सगळ्यात वरच्या फळीवर माकडाच्या बाजूनं एकामागं एक स्प्रिंगा टुणटुण उड्या मारत येतात आणि उजव्या टोकाला सुळकन खाली पडतात. त्यांच्यामधून पळत जाऊन शेवटची शिडी गाठायची. प्रत्येक स्प्रिंगेची उडी दिसायला सारखी पण जराशी कमी-जास्त असते, तेवढंच अंतर माझ्या आणि ५० मीटरच्या मध्ये. फळीवर एक अशी जागा आहे की तिथं उभं राहिलं तर स्प्रिंग डोक्यावरून जाते. मला ती जागा माहीत आहे. मी तिथं उभा राहतो. शिडी तीन पावलांवर दिसते. मग मला वाटतं आता. आणि ते 'आता' नसतं.

विसाव्या दिवशी म्हणजे मे च्या तिसऱ्या आठवड्यात सेलूहून मेव्हणा आला. दुपारी नळाला पाणी येणार अशी बातमी गल्लीत पसरली होती, कोण पसरवतं ते कळत नाही पण ती येते, आणि आली की अख्ख्या गल्लीत बादल्यांचा आवाज सुरू होतो. गच्चीवर आमचा २०० लिटरचा निळा ड्रम रिकामा पडला होता, तो खाली आणायचं काम मेव्हण्यानं अंगावर घेतलं. त्याच वेळी मला हिनं जिन्याच्या खिडकीची खिट्टी ठोकायला पाठवलं. आमचा जिना अरुंद, उभा, एका बाजूला कठडा नाही (ठेकेदार). मी हातात हातोडा घेऊन बरोबर मधल्या पायरीवर पोचलो होतो.

वरून आवाज आला, "दाजी! सरकाऽऽऽ!"

मग गुड-गुड-धप, गुड-गुड-धप.

मी वर बघितलं. ड्रम आडवा होऊन पायऱ्यांवरून येत होता. उन्हाच्या तिरपीत निळा चमकत होता, प्रत्येक पायरीवर जरा उडत होता आणि मला त्याच्या तोंडाची काळी गोल भोकं एकदा वर एकदा खाली अशी फिरताना दिसत होती. खरं सांगतो, भीती वाटली नाही. बत्तीस वर्षांचा सराव होता माझा. लवकर उडी मारायची नाही, ड्रम पायाशी आल्यावर मारायची, हे मला झोपेत पण येतं. ड्रम चार पायऱ्यांवर आला, तीन, दोन, पाय उचलणार तेवढ्यात डोक्यात आलं की हातात हातोडा आहे, आणि हातोडा हातात असला की उडी मारता येत नाही.

तर मी हातोडा हाणला.

ड्रम उभा चिरला. चिरून थांबला असता तर ठीक होतं पण तो तसाच माझ्या गुडघ्यावर आला आणि आम्ही दोघं मिळून तीन पायऱ्या खाली बसलो. तीन पायऱ्या म्हणजे दीड-दोन फूट, माझ्या उंचीपेक्षा कमी, म्हणून वाचलो.

पहिल्यांदा लेकरू पळत आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल आदर दिसला. "पप्पा! तीनशे पॉइंट!"

"बाराशे रुपये," मागून हिचा आवाज आला. "नवा ड्रम बाराशेला येतो."

त्या दिवशी नळाला पाणी आलं नाही ते वेगळंच.

डॉक्टरनी गुडघा दाबून बघितला, गोळ्या दिल्या आणि दहा दिवस जिना चढायचा नाही म्हणून सांगितलं. मी पाय उशीवर ठेवून पडून होतो, आणि पडल्या पडल्या रिमोट धरायची सोय होईना म्हणून मशीन लेकराच्या ताब्यात गेलं. दोन मिनिटं झाली असतील.

"पप्पा, हे बघा. ह्याच्यात वर जपानी म्हणून हाये, ते लावलं का दुसऱ्याच नंबरला तुमचा मजला येतो."

मी उशीवरून उठून बसलो. खरंच. जपानमध्ये क्रम सरळ होता, २५, ५०, ७५, १००. कोणत्याही समजदार माणसानं ठेवला असता तसा. मेनूमध्ये एक बटण दाबायचं होतं. मी वीस दिवस आणि अंदाजे तीनशे जीव त्या स्प्रिंगांखाली घातले होते, आणि ह्यानं मेनू उघडून बघितला. आमच्या पिढीनं मेनू कधी उघडलाच नाही हो, जे समोर लागलं ते खेळत बसलो.

२५ मीटर लेकरानंच पार करून दिलं, मला त्याचंही काही वाटलं नाही. आणि मग तो आला. पट्टे फिरत होते, एक डावीकडं, एक उजवीकडं. मध्ये तेलाचा ड्रम पेटलेला. वरच्या शिड्या आपोआप खाली-वर होत होत्या. माकड सगळ्यात वरच्या पट्ट्यावर उभं राहून इकडून तिकडं वाहत चाललेलं, ऐटीत. आणि पट्ट्यांवर एकामागं एक काहीतरी येत होतं, ज्याला अमेरिकेतली पोरं 'पाय' नावाचा गोड भरलेला खायचा पदार्थ समजली म्हणे, पण ते सिमेंट आहे. मला एका नजरेत कळलं. घमेली होती ती! सिमेंटची घमेली, भरून चाललेली, आपल्याकडं स्लॅबच्या दिवशी खालून वर हातोहात जातात तशी ओळीनं. आम्हाला हा मजला त्या वेळी दिला असता तर आम्ही सगळ्यांच्या आधी ओळखला असता.

मी रिमोट मागून घेतला. पट्ट्यावर उतरलो, पट्टा मला मागं न्यायला लागला, मी पुढं पळायला लागलो तरी आहे तिथंच, समोरून घमेलं आलं, उडी मारली, पट्टा फिरत होता ते विसरलो, आणि घमेल्यावरच उतरलो. चार सेकंद. बत्तीस वर्षं आणि चार सेकंद.

"पप्पा, मेलात."

संध्याकाळी मावसभावाला फोन लावला. तो आता ठाण्याला असतो, चांगल्या नोकरीत आहे. मी म्हणलं, अरे तुझी माफी मागायची आहे, तू खरं बोलत होतास, चौथा मजला होता, ५० मीटरचा, पट्टे होते, आम्ही सगळं दुकान तुला हसलो. तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

"कुठला मजला रे? फ्लॅट घेतलास का परभणीत?"

गेम, म्हणलं. माकडाचा. मामूच्या दुकानात.

"नाही रे, मी लहानपणी गेम वगैरे खेळलो नाही कधी. आमचे बाबा सोडायचे कुठं. तुझा गुडघा कसा आहे, मावशी सांगत होती ड्रमला काहीतरी मारलंस म्हणे?"

मी फोन ठेवला. टीव्हीवर गेम तसाच चालू होता, माकड पट्ट्यावरून इकडून तिकडं जात होतं आणि दोन जीव शिल्लक होते. दारात मेव्हणा उभा. चेहऱ्यावर अपराधी भाव, खांद्यावर नवाकोरा निळा ड्रम.

"दाजी, माझ्या पैशानं आणलाय. कुठं ठेवू? वर नेऊ का?"

"खाली," म्हणलं. "अन् आडवा नको. उभा ठेव."